पाणमांजरीचे दोन शोध

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. सगळे तिचं पाणी प्यायचे, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नसे. बघायची फक्त विशाखा नावाची एक पाणमांजर.

विशाखा शिकलेली होती. ठिकठिकाणचं पाणी ती शिंपल्यात भरून आणायची आणि त्यात शेवाळाचा तुकडा सोडायची. पाण्यात काही भलतंसलतं असलं की शेवाळाचा रंग बदलायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, हिला घरी काही काम नसावं.

एका वर्षी शेवाळ पिवळं पडलं. तिने पुन्हा पाणी आणलं, पुन्हा पिवळं. पाण्यात तापाचा विषाणू होता आणि ताप अजून कुणालाच आला नव्हता. विशाखा तशीच ओल्या अंगाने सिंहमहाराजांकडे गेली. महाराज घाबरले, आणि घाबरल्यामुळे शहाण्यासारखे वागले. सगळ्यांनी पाणी उकळून प्यावं, असा हुकूम निघाला. जंगलात पाणी कसं उकळतात, ते मला विचारू नका. शेजारच्या जंगलात तापाने हाहाकार उडाला. इथे दोन रानडुकरं शिंकली, तीही मिरच्या खाऊन.

विशाखाचा मोठा सत्कार झाला. कोल्हेप्रधान भाषणात म्हणाले, ही तर आपल्या जंगलाचं नाक आहे.

पुढच्या वर्षी शेवंती नावाची चितळीण तिच्याकडे आली. तिचं पाडस महिन्याचं होत आलं तरी उभं राहत नव्हतं. कळपातल्या आणखी काही पाडसांचं तसंच होतं.

"मी पाणी उकळूनच पिते हो, ताई," शेवंती म्हणाली. "तुम्ही सांगितल्यापासून एकदाही चुकले नाही."

विशाखाने पाणी तपासलं. शेवाळ काळं पडलं. पाणी उकळून पाहिलं, तर आणखी काळं. मग ती जागोजागचं पाणी तपासत नदीने वर गेली. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या एका नळाच्या खाली शेवाळ काळं पडत होतं, वर हिरवंगार राहत होतं. तो नळ तरसशेठांच्या रंगाच्या कारखान्याचा होता.

हा कारखाना सगळ्यांचा लाडका होता. तिथे कावळ्यांना पोपटी करून मिळे आणि बगळ्यांना मोरपंखी. खुद्द महाराजांची आयाळ तिथेच रंगायची.

विशाखाने दरबारात अहवाल वाचला. महाराजांनी विचारलं, या खेपेला ताप कुठल्या जंगलातून आला?

"ताप नाही, महाराज. विष आहे. आपल्याच जंगलातलं आहे."

तरसशेठ पहिल्याच रांगेत बसले होते. ते मुळीच रागावले नाहीत. शेवाळावर कितपत विसंबावं, एवढीच शंका त्यांनी नम्रपणे काढली. प्रधानांनाही मग आठवलं, की शेवाळ ते शेवाळच, त्याचं कुठे शिक्षण झालंय? त्यांनी विशाखाला बाजूला घेऊन समजावलं. विषाणू कुणाचा नसतो, म्हणून तो सापडला की सगळ्यांना आनंद होतो. विष कुणाचं तरी असतं.

चौकशीसाठी समिती नेमली गेली. समितीत तीन बगळे होते, तिघेही मोरपंखी. त्यांनी नळाच्या वरच्या अंगाचं पाणी तपासलं आणि नदी शुद्ध असल्याचं जाहीर केलं. विशाखाने यापुढे फक्त विषाणू शोधावेत आणि नदीविषयी बोलू नये, असं ठरलं.

विशाखा हिरमुसून घरी गेली. काही दिवसांनी ती डोंगराकडे गेली होती, तेव्हा झऱ्यावर पखाली भरणारे हत्ती दिसले. पाणी कुठे नेता, असं तिने विचारलं.

"राजवाड्यावर," एक हत्ती म्हणाला. "तुम्ही अहवाल वाचलात ना, त्याच संध्याकाळपासून."

विशाखा दगडावर बसली. रडावं की हसावं, तिला कळेना. महाराजांचा आपल्यावर विश्वास नाही, असं समजून ती इतके दिवस झुरत होती. त्यांचा तर पुरता विश्वास होता.

ती उठून थेट शेवंतीकडे गेली.

"नदीविषयी बोलायची मला मनाई आहे," ती म्हणाली. "राजवाड्याचं पाणी कुठून येतं, तेवढं सांगते."

शेवंती सगळा कळप घेऊन झऱ्यावर गेली. तिथे पहाऱ्याला रानकुत्रा होता. नदीचं पाणी शुद्ध आहे, तिकडे जा, असं त्याने बजावलं.

"मग महाराजांनाही तिकडेच पाठव," शेवंती म्हणाली आणि तिने झऱ्याला तोंड लावलं.

याला काय उत्तर द्यायचं, ते रानकुत्र्याला कुणी शिकवलं नव्हतं. कळप पोटभर पाणी प्यायला. गाजावाजा नको म्हणून प्रधानांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, की महाराजांनी कृपाळूपणे झरा सर्वांना खुला केला आहे. त्याबद्दल महाराजांचा सत्कार झाला. कारखाना चालूच राहिला.

पुढच्या वर्षीची पाडसं जन्मल्या जन्मल्या उभी राहिली. शेवंतीचं ते पाडस उशिरा का होईना उभं राहिलं, पण त्याला पळता कधी आलं नाही. न पळणाऱ्या पाडसाचं जंगलात काय होतं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

तात्पर्य : विष सापडल्यास प्रथम राजाला कळवावे. शास्त्रावर त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणाचाही नसतो.