इलाबाईंनी अध्यक्षपदाची वस्त्रे उतरविली, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वेस्ट विंडसरचे मुलखी, प्रिन्स्टन जंक्शनाचे रेल्वेठाण्यानजीक, मराठी मंडळी वसाहत करोन सुखे नांदत असतां दिवाळीचे सुमारास जो बिकट प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे तिखटमीठ लाविले तेही बेताचेच.

ऐसियास, नरेंद्रराव व सुमेधाबाई यांची कन्या इलाबाई, उमर सतरा, बारावीस होती, आणि बड्या बड्या कॉलेजांवर स्वारीची तयारी चालिली होती. तों मुलखात आवई उठली की कॉलेजवाले नुसते मार्क पुसत नाहीत, लीडरशिप पुसतात, आणि शशिकांतकाकांचे प्रथमेशास गुदस्ता जे कॉलेज लाभले ते केवळ तीन क्लबांची अध्यक्षी होती म्हणोन. हे ऐकोन घरोघर आईबापांची झोप उडाली, आणि मग मराठी मंडळाचे युवा शाखेत प्रत्येक लेकरास मनसब पाहिजे जाहली, आणि मंडळासही कोणाचे मन मोडवेना, सबब कबीर सांस्कृतिक अध्यक्ष, अनुष्का भोजनाध्यक्ष, अर्णव सहअध्यक्ष, केया आंतरराष्ट्रीय अध्यक्ष, आणि या सर्वांवर इलाबाई मुख्य अध्यक्ष, ऐसी सरदारी वाटिली गेली. शाखेत साधा सभासद औषधालाही उरला नाही.

इलाबाईंकडे याखेरीज डिबेटची कप्तानी होती, आणि जुने चष्मे गोळा करणारी एक संस्थाही होती, जी इलाबाईंनी स्थापिली ऐसे सुमेधाबाई सांगत. परंतु जीव म्हणावा तो शाळेचे रोबोटिक्स संघात. तेथे पद काहीच नव्हते. रोबोचा हात वर जातां जातां अडे, तो खोलोन नीट बसविणे एवढेच काम, आणि त्या कामात पोरीची तहानभूक हरपे. सुमेधाबाईंचे मते जेथे पद नाही तेथे शनिवार घालविणे ही नसती उठाठेव होती.

दैवगती ऐसी की मंडळाचा दिवाळी मेळावा आणि रोबोंची स्पर्धा एकाच शनिवारी आली. इलाबाईंनी हुजुरांत अर्ज गुदरला की हात फक्त मज कळतो, मी न गेले तर ऐन खेळात अडेल आणि संघाची वर्षभराची मेहनत मातीस मिळेल. मातोश्रींचे फर्मान निघाले की मुख्य अध्यक्षांनी मेळाव्यातच राहावे, माईक हाती धरोन फोटो काढवावा, रोबोचे दुसरे कोणी पाहील. मग इलाबाई डोळ्यांतले पाणी दडवीत, छातीवर बिल्ला लावोन, मेळाव्यास दाखल जाहल्या.

तेथे पाचही अध्यक्षांची भाषणे जाहली आणि मग भोजनाची वेळ आली. मसालेभात, अळूवडी, श्रीखंड मांडोन तयार, रयत ताटे घेऊन उभी, आणि वाढणार कोणी नाही! सहअध्यक्षांनी आपण सहीपुरते म्हणोन अंग काढिले. आंतरराष्ट्रीय अध्यक्षांस श्रीखंड हा अंतर्गत मामला वाटला. भोजनाध्यक्ष म्हणाल्या, "मी पॉलिसी बघते, यार. सर्व्हिंग इज नॉट माय रोल."

इलाबाईंस क्रोध आला आणि हसूही आले. त्यांनी माईक घेतला. "काका, काकू, सॉरी, पण मी रिझाइन करते. आय जस्ट वॉन्ट टू फिक्स द आर्म." ऐसे बोलोन बिल्ला टेबलावर ठेविला, तो टेकतो न टेकतो तोंच चार घरचे आईबाप त्यावर तुटोन पडले. त्या धुमाळीत नरेंद्ररावांनी, जे वर्षभर मसलतीत अवाक्षर बोलिले नव्हते, बाह्या सारोन भातवाढी उचलिली आणि लेकीस इतकेच सांगितले, "मी वाढतो. तू पळ."

इलाबाईंनी गाडी हाणली. सुमेधाबाईंची मर्जी खप्पा होऊन त्या पैठणीनिशी दुसरे गाडीत बसल्या आणि लेकीस धरोन आणावयाचे इराद्याने पाठलागास निघाल्या, आणि स्पर्धेचे जिमखान्यात शिरोन पाहतात तों कन्या रोबोखाली उताणी, केसांत वंगण, ओठांत स्क्रू, आणि संघाचा कप्तान मिहीर हात जोडोन म्हणतो आहे, "इला, प्लीज, टू मिनिट्स!" बाईंनी हाक मारावयास तोंड उघडिले. परंतु लेकीचे मुखावर जो आनंद होता तो इतकी पदे मिळविली त्यांत एकदाही दिसला नव्हता, हे त्यांस तत्क्षणी उमगले. मग त्यांनी पदर खोविला, गुडघे टेकिले आणि फोनचा उजेड धरिला.

हात उठला. संघ नववा आला.

शेजारचे एका बाईंनी कौतुके पुसिले, "इज शी द प्रेसिडेंट?"

"नो, नो," सुमेधाबाई उत्तरल्या, "प्रेसिडेंट आमच्याकडे खूप आहेत."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. डिबेटची कप्तानी राजीखुशीने सोडिली, चष्म्यांची संस्था खालसा केली. कॉलेजांचे निकाल वसंतात यावयाचे ते येवोत. अर्जात रोबोटिक्सपुढे पद कोणते म्हणोन पुसिले होते. तेथे इलाबाई क्षणभर थबकल्या, तों मातोश्रींनी कीबोर्ड आपणाकडे ओढोन स्वहस्ते लिहिले: सभासद.