अकरा नंबरची रायफल

मोरेश्वरने आयुष्यात चुकीची वस्तू कधी घेतली नव्हती. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंही होतं, कारण तो वस्तू घेतच नसे! तो नुसती निवडायचा. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावच्या चाळीस मराठी घरांत मिक्सर असो, गादी असो, गाडीचे टायर असोत, घ्यायचं ठरलं की आधी मोरेश्वरला फोन जाई. मग त्याची रंगीत एक्सेल शीट ग्रुपवर येई आणि मंडळी डोळे मिटून एक नंबरची वस्तू उचलत. त्याच्या स्वतःच्या हॉलमध्ये मात्र दोन वर्षं सोफा नव्हता. पाहुणे घडीच्या खुर्च्यांवर बसत. सोफ्याची शीट अजून पुरी व्हायची होती.

अशा माणसाने एका रविवारी ग्रुपवर जाहीर केलं, "यंदा खंडेनवमीला माझ्याकडे लॅपटॉपची पूजा नाही. खरं शस्त्र! सगळ्यांनी यायचं!"

बावीस अंगठे आले.

"कसलं शस्त्र?" कपड्यांच्या घड्या घालता घालता त्याच्या बायकोने, शुभाने विचारलं.

"लिव्हर-ॲक्शन रायफल! खाली कडीसारखा दांडा असतो. तो ओढून परत वर घेतला की पुढची गोळी तयार. आणि गंमत म्हणजे हिला रिव्हॉल्वरच्याच गोळ्या चालतात. दोन्हींना एकच गोळी! किती सोयीचं!"

"आपल्याकडे रिव्हॉल्वर आहे?"

"नाही."

"मग?"

"असतं तर सोयीचं झालं असतं ना!"

शुभा बारा वर्षं संसार करत होती. तिने वाद घातला नाही, अट घातली. "खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारपर्यंत घेतलीस तर घेतलीस. नाहीतर यापुढे या घरात सगळं मी निवडणार. सोफ्यापासून!"

ऑफिसात मोरेश्वरला कोणी विचारत नव्हतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा नंबर अकरा वर्षं जागचा हलला नव्हता. निवडीच्या बाबतीत मात्र तो फ्रिस्कोचा राजा होता, आणि ते राज्य घरातच गेलं तर बाहेर तोंड कसं दाखवायचं?

तो जिद्दीने कामाला लागला. सतरा रायफली, चाळीस कॉलम. लाकूड अक्रोडाचं की साधं, गोळ्या बाजूच्या झडपेतून भरायच्या की नळीच्या टोकाकडून, खांद्याला धक्का किती. एक कॉलम 'पाटावर मावेल का' असाही होता.

मग दुकानात फोन केला तेव्हा कळलं की व्हिसावरच्या माणसाला बंदूक हवी तर आधी शिकारीचं लायसन्स हवं! मोरेश्वरने जन्मात अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. पण माघार घेईल तो मोरेश्वर कसला! त्याने शिकारीचा ऑनलाइन कोर्स केला आणि हरणाची आतडी कशी काढावीत या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाल्याचं जेवताना अभिमानाने सांगितलं. शुभा ताट घेऊन बेडरूममध्ये गेली.

लायसन्स आलं. सतरांमधली एक शीटवर हिरवी झाली, म्हणजे एक नंबर. गुरुवारी त्याने सवयीने शीट ग्रुपवर टाकली, 'फायनल!' असं लिहून. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो शुभाला घेऊन दुकानात पोचला. काउंटरमागे सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्याने शीटची प्रिंट त्यांच्यापुढे सरकवली.

"अगं बाई, हनी!" आजी इंग्रजीत म्हणाल्या, तरी मोरेश्वरला ते असंच ऐकू आलं. "काल अस्साच रंगीत कागद घेऊन एक पोरगा आला होता. दहा मिनिटांत घेऊन गेला. शेवटचीच होती!"

मोरेश्वरने तिथूनच शंतनूला फोन लावला. शंतनू त्याच्याच टीममधला, पाच वर्षं मागून आलेला आणि ग्रीन कार्ड मिळवून मोकळा झालेला.

"हो, मीच नेली!" शंतनू आनंदाने म्हणाला. "तुझ्या शीटवर एक नंबर म्हटल्यावर विचार कसला करायचा, मोरूदादा? तुझ्यावर फुल भरोसा आहे यार!"

नवा माल तीन आठवड्यांनी येणार होता. दुकान वीस मिनिटांत बंद होणार होतं. मोरेश्वर दोन नंबरची उचलून बघे, खाली ठेवी, तीन नंबरची उचले आणि कपाळाचा घाम पुसे. तेवढ्यात मागून खटाक्‌ खटाक्‌ असा आवाज आला. शुभाने आजींकडून एक रिकामी रायफल मागून घेतली होती आणि तिचा दांडा खालीवर करत होती.

"चकलीच्या सोऱ्यापेक्षा हलकी चालते. हीच घे."

"अगं, ती अकराव्या नंबरला आहे!"

"मग सोफा उद्या सकाळी."

मोरेश्वरने मुकाट्याने फॉर्म भरला. त्याच्या नावावर गुन्हा नसल्याची तपासणी झाली आणि अकरा नंबरची रायफल घरी आली. मुदत पाळली गेली, पण निवड कोणाची, हा मुद्दा लोंबकळतच राहिला.

खंडेनवमीला हॉल भरला. पाटावर रायफल, तिच्यावर झेंडूची फुलं, दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं. पूजा झाली, मोरेश्वर घसा खाकरून भाषणाला उभा राहिला. इतक्यात शंतनूने रायफल रिकामी आहे ना ते बघितलं आणि दांडा ओढला. पुन्हा ओढला. त्याचा चेहराच उतरला.

"मोरूदादा, ही तर लोण्यासारखी चालते! माझी दर तिसऱ्या गोळीला अडकते!"

"असं?" मोरेश्वर म्हणाला.

"असं काय! आम्हाला ती एक नंबर म्हणून चिकटवलीस आणि स्वतः ही घेतलीस होय!"

घडीच्या खुर्च्या कुरकुरल्या. "तरीच!" नीलांबरीकाकू म्हणाल्या. "आमच्या गादीला वर्षात खळगा पडला. तू रे कुठल्या गादीवर झोपतोस?" कोणीतरी मिक्सरचं विचारलं, कोणीतरी टायरचं. चाळीस घरांचा संशय एकदम जागा झाला!

शुभा श्रीखंडाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मोरेश्वरकडे बघत राहिली.

आता दोनच वाटा होत्या. चाळीस घरांसमोर लबाड ठरायचं, नाहीतर ही रायफल बायकोने अर्ध्या मिनिटात निवडली हे कबूल करायचं. शीट नाही, कॉलम नाहीत, म्हणजे निवडीचं राज्यही गेलंच.

"हो रे," मोरेश्वर चटकन म्हणाला, "चांगली होती ती मी स्वतःला ठेवली. चुकलं माझं!"

आयुष्यात इतक्या झटपट त्याने काहीच निवडलं नव्हतं.