चाचणीबाईंची हयात

पेन्शनच्या साईटवर भार टाकून बघण्यासाठी आम्ही संगणकात जे खोटे पेन्शनर तयार केले होते, त्यातल्या एक बाई सोमवारी सकाळी परभणीच्या ऑफिसात आल्या आणि हयातीचा दाखला मागू लागल्या.

त्यांना आम्ही चाचणीबाई म्हणायचो. दर नोव्हेंबरात जिल्ह्यातली सगळी म्हातारी माणसं आपण जिवंत आहोत हे कळवायला एकदम साईटवर येतात आणि साईट आडवी होते. म्हणून आधी साईटवर खोटी माणसं सोडून बघायचं. ती खऱ्यासारखी वागावीत म्हणून गेल्या वर्षीच्या सगळ्या पेन्शनरांची सरासरी काढून मी या बाई बनवल्या होत्या. इंजिनिअरिंग मी अर्ध्यात सोडलंय, पण सरासरी येते.

"बसा मावशी. घरी कोण कोण?"

"लेकरं एक पूर्णांक चार दशांश. नवरा थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"कुणाचा असतो, कुणाचा गेलेला असतो. माझा अर्ध्याच्या जरा वर उरलाय."

धर्माधिकारी साहेब केबिनमधून आले. "प्रसेनजित, चाचणी संध्याकाळी संपते. मग खोटी नावं पुसायची."

"आणि दाखला निघाला तर?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी नियम आठवला. "हयात माणसाचं नाव पुसता येत नाही. पण दाखला साईटवरूनच काढायचा, संध्याकाळच्या आत."

बाई संगणकापुढे बसल्या. अंगठा लगेच जुळला. त्यात सगळ्यांचाच थोडा थोडा होता. मग 'वारसाचं नाव' हा रकाना आला आणि बाई थांबल्या. पान म्हणालं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. त्यांनी केली. पुन्हा त्याच रकान्यावर थांबल्या.

"मावशी, लिहा ना काहीतरी."

"काहीतरी कसं लिहू, लेकरा? मोठ्याचं लिहिलं तर चार दशांश रुसतंय. आधीच त्याला कुणी मोजत नाही."

मला ते एकदम पटलं. आमच्या घरी चार दशांश मीच आहे. वडिलांनी पाहुण्यांपुढे माझं नाव घ्यायचं बंद केलंय.

"विचारवेळ शून्य कर," साहेब म्हणाले. खऱ्या माणसासारखं थबकायला आम्ही खोट्या माणसाला जो वेळ देतो, तो विचारवेळ. "त्यांचा विचार थांबेल आणि दाखला निघेल. या वयात माणसं कसला विचार करतात? बटण दाबायचं."

"दरवर्षी तुम्ही हेच करता," मी म्हणालो. " चाचणीत साईट पळते आणि नोव्हेंबरात मरते. खरी माणसं विचार करतात म्हणून तुम्ही त्यांना बाहेर फेकता."

"शिक्षण सोडलेल्या पोरानं मला शिकवू नये."

"शिकलेल्यांनी काय दिवे लावले ते दिसतंय की."

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "भांडू नका रे. विचार काढून घेतला तर मी ज्याचं नाव लिहीन ते माझं राहील का?"

मी विचारवेळ तसाच ठेवला. पान किती वेळ वाट बघेल ती मुदत मात्र वाढवली, अख्ख्या जिल्ह्यासाठी. पान थांबलं की माणसं आत साचतात आणि यंत्रावर ओझं येतं. पंखे जोरात फिरायला लागले. साहेब खुर्ची धरून उभे राहिले. साईट कण्हली, पण पडली नाही. दुपार अशीच गेली. जेवायचं कुणालाच सुचलं नाही.

उन्हं उतरल्यावर बाईंनी एका बोटानं लिहिलं: प्रसेन.

"नाव अपुरं आहे," साहेब म्हणाले.

"पोरगंही तेवढंच आहे, साहेब. वाढंल."

साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं. दाखला निघाला. संध्याकाळी बाकीची खोटी नावं पुसली गेली. बाई बसून राहिल्या.

मग त्यांनी पिशवीतून फडकं काढून सोडलं. आत एक पूर्णांक चार दशांश भाकरी होती. तुकडा त्यांनी स्वतःला ठेवला आणि अख्खी माझ्यापुढे सरकवली.