नानांच्या काठीवरची खूण

नई सडकेवरून लग्नाची वरात चालली होती. पुढे बँड, मागे फुलांनी मढवलेली मोटर, तीत नवरदेव. एवढ्यात गर्दीतून पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पुढे झाले, हात वर करून त्यांनी मोटर थांबवली आणि आपली काठी पुढच्या चाकाला लावून उभी धरली. वाकून पाहिलं, मान हलवली, "ठेंगणी आहे" म्हणाले आणि बाजूला झाले. बँडवाले गोंधळले. नवरदेव मात्र उगाचच ताठ होऊन बसला.

हे आमचे मोटरवाले नाना. संस्थान होतं तेव्हा ते मोटरखान्याचे अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. विलीनीकरण झालं, मोटरखान्यातल्या गाड्या लिलावात निघाल्या. शहाण्या लोकांनी त्यातल्या नव्या गाड्या घेतल्या. नानांनी एक उंच, काळी, म्हातारी गाडी घेतली आणि हजिऱ्याच्या वस्तीत आपल्या दारात नेऊन बांधली. हो, बांधली. रात्री तिच्या बंपरला साखळी असे.

गाडी धडधाकट होती, पण तिची चाकं एकवीस इंची. त्या मापाचे टायर पुढे मिळेनासे झाले. असलेल्यांना ठिगळं लावून लावून त्यांची गोधडी झाली आणि एक दिवस दोन टायर एकदमच बोलले. गाडी विटांवर चढली.

मग नानांनी लष्करी डिस्पोझलच्या मालातून सोळा इंची चाकं पैदा केली. नवी भोकं पाडून ती गाडीला बसवलीही. आता हवे होते त्यांच्यावर चढवायचे टायर, आणि इथूनच नानांनी अख्ख्या शहराचा जीव खायला सुरुवात केली.

"चाक लहान झालं, होऊ दे," ते भेटेल त्याला सांगत. "पण मग टायर जाड घ्या. लोखंड कमी, तेवढं रबर जास्त. जमिनीपासून उंची होती तेवढीच भरली पाहिजे. भई, एक सूतही कमी चालणार नाही!" जुन्या चाकाची उंची त्यांनी चाकूने काठीवर कोरून ठेवली होती. दिसेल त्या मोटरीला, लॉरीला, एकदा तर पाण्याच्या टँकरला ती काठी लागली. कुणी नमस्कार केला तरी नाना विचारत, "तुमच्याकडे काय उंची आहे?"

नई सडकेवरच्या टायरवाल्या मियाँनी त्यांना जीपचे कोरे टायर काढून दाखवले. नानांनी काठी लावली. खूण टायरच्या चांगली वर राहिली.

"गाड़ी दो उंगल नीची हो जाएगी, बस," मियाँ म्हणाले. "इतने में गाड़ी को क्या पता चलेगा, नानासाहब?"

"गाड़ी को पता नहीं चलेगा," नाना म्हणाले आणि काठी उचलून निघाले.

लोकांनी आपापले तर्क केले. कुणी म्हणे, राज्य गेलं, ऐट जात नाही. दरबारातली गाडी दोन बोटं खाली आली तर नानांची मान खाली जाते. मी विचारलं तेव्हा नानांनी मला वेगळंच शास्त्र ऐकवलं. "चाक ठेंगणं झालं की मैलाचं घड्याळ खोटं बोलतं. गाडी पळते कमी, काटा सांगतो जास्त. खोटारड्या गाडीत मी नाही बसणार." शास्त्र बरोबर होतं. फक्त त्या गाडीचा काटा मी मोटरखान्यात असल्यापासून शून्यावर झोपलेला होता. पण साहेबाला हे सांगणार कोण?

त्याच सुमारास राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे माझी नोकरीही. संक्रांत झाली की आम्ही बिऱ्हाड हलवणार होतो. आईला एकच घोर लागला. ती नव्या बाजारातल्या आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हापासून नानांच्या पत्नी, आमच्या काकू, तिच्या हळदीकुंकवाला यायच्या चुकल्या नव्हत्या. "या वर्षी त्या यायलाच हव्यात रे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कुठे त्या आणि कुठे मी."

मी सायकल काढून हजिऱ्याला गेलो. काकू ओसरीवर तीळ निवडत बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही. "काकू," म्हटल्यावर हसल्या. "तू होय! आवाज बसलाय न तुझा? सर्दी झाली का?"

मी नानांना म्हटलं, "टांगा पाठवतो. काकूंना घेऊन या."

"ती टांग्यात बसत नाही," नाना एकदम तोडून म्हणाले. "येईल तर आपल्या गाडीतून येईल. नाही तर नाही."

मला राग आला. दोन म्हाताऱ्या बायकांची शेवटची संक्रांत, आणि हा माणूस गाडीच्या उंचीवर अडून बसलाय!

संक्रांत तोंडावर आली तेव्हा नानांना लॉरीचे जाडजूड टायर मिळाले. मी गेलो तेव्हा त्यांत हवा भरणं चाललं होतं. नाना काठी लावून ओरडत होते, "आणखी! आणखी भर!" खूण अखेर जुळली. पण गाडी ढकलली तर टायर मडगार्डला घासायला लागले. झालं, मी मनात म्हटलं, आता हेही परत जाणार. नाना घरात गेले, हातोडा घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ते दरबारी मडगार्ड ठोकून ठोकून वाकडं केलं. काळा रंग पोपडे निघून उडत होता. ऐटीचा तर्क त्याच दिवशी मोडीत निघाला. पण मग हा खटाटोप कशासाठी, हे काही मला कळेना.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती वाकडीतिकडी गाडी आमच्या दारात उभी राहिली. काकू दाराखालच्या पायफळीवरून आपल्या आपण उतरल्या, आईच्या हाका ऐकून तिच्याकडे गेल्या, आणि दोघी आत जाऊन पोटभर हसल्या, पोटभर रडल्या. निघताना आई त्यांना गाडीशी घेऊन आली. काकूंनी दाराचा दांडा चाचपला. मी आधार द्यायला पुढे झालो, तर नानांनी माझं मनगट धरलं.

"हात देऊ नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कुणाला सांगायचं नाही म्हणते. टांग्याला हात द्यावा लागतो, मग घरी येऊन रडते. ही एक फळी किती उंच, ते तिच्या पायाला पाठ आहे."

नाना स्वतः हात मागे बांधून उभे होते. नजर काकूंच्या पावलावर. काकूंनी पाय उचलला, बरोबर तेवढाच, आणि तो फळीवर अलगद टेकला. त्या आत जाऊन बसल्या, पदर सावरला आणि आईकडे तोंड करून म्हणाल्या, "सगळं बदललं म्हणतात गं. आमची गाडी तेवढी होती तश्शीच आहे. हो न हो?"

"तर काय," त्या ठोकलेल्या मडगार्डला वळसा घालून नाना म्हणाले. "कशालाही हात लावलेला नाही."