शकुताईंच्या मापाच्या वह्या

नारायण पेठेत शकुताई नगरकरांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, आणि तिथे कुणाचंही माप मोठ्याने उच्चारायला बंदी होती. खुद्द गिऱ्हाइकालासुद्धा. पडदा ओढायचा, टेप लावायची, आकडा बघून मान हलवायची आणि पाठ फिरवून वहीत लिहायचं. एकदा मी सहज म्हणाले, "छाती छत्तीसच ना अजून?" ताईंनी टेप गळ्यात टाकली आणि पडद्याबाहेर डोकावून पाहिलं.

"अहो, बाहेर साठे बाई बसल्यात. त्यांचंही मत घ्यायचंय का?"

दुकानाला पाटी नव्हती. का नाही म्हणून विचारलं, तर "तुम्हाला सापडलं ना?" एवढंच उत्तर. आत एका वेळी एकच बाई; दुसरीने बाहेर स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसायचं. वहीत नावंही नव्हती. प्रत्येकीच्या पानावर एक चित्र : छत्री, कैरी, कढीलिंबाची डहाळी. कुठलं चित्र कुणाचं, हे एकट्या ताईंना ठाऊक.

साठे बाईंनी एकदा सुनेला वाढदिवसाला नवा ब्लाउज द्यायचं ठरवलं. कापड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माप तुमच्याकडे आहेच."

"सून तुमची, माप तिचं. तिला पाठवा."

"अहो, मग त्यात गंमत काय राहिली?"

"मी ब्लाउज शिवते. गंमत शिवत नाही."

साठे बाई रागावून सहा महिने दुसरीकडे गेल्या आणि मुकाट्याने परत आल्या. ताईंसारखी बाही लक्ष्मी रोडलाही कुणाला बसवता येत नसे.

स्वतःच्या बाबतीतही हीच तऱ्हा. औषधाच्या दुकानात "काकू, मोबाइल नंबर सांगा, सूट मिळेल" म्हटलं की ताई विचारत, "गोळी गुडघ्यासाठी आहे. गुडघ्याला फोन करणार आहात का?" मग पूर्ण पैसे देत आणि विजयी मुद्रेने लंगडत घरी जात. आम्ही सगळ्या हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचे.

दोन वर्षांपूर्वी दुकानाची इमारत पाडायचं ठरलं. ताईंकडे जागेचा कागद काहीच नव्हता, त्यामुळे नव्या इमारतीत त्यांना गाळा मिळणार नव्हता. जवळपास दुसरा घ्यायचा तर डिपॉझिट ऐकूनच घाम फुटावा. ताईंनी लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. दुकान म्हणजेच त्यांचा सगळा गोतावळा होता.

त्याच सुमारास माझा भाचा कौस्तुभ घरी आला. हिंजवडीतली त्याची कंपनी ब्लाउज शिवून देणारं अ‍ॅप काढत होती. बाईने फोनवर दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि माप यंत्राने ओळखायचं. त्यासाठी त्यांना हजारो बायकांची खरी मापं हवी होती. मी सहज ताईंच्या वह्यांचा विषय काढला.

"मावशी, त्या काकूंच्या वह्या म्हणजे गोल्ड आहे गं! चाळीस वर्षांचा डेटा!"

मला वाटलं, देव पावला. मीच त्याला ताईंकडे घेऊन गेले.

ताईंनी त्याला बाहेर स्टुलावर बसवलं आणि उंबऱ्यातूनच बोलणी केली. कौस्तुभने रक्कम सांगितली. नवा गाळा तर झालाच असता, वर गुडघ्याचं ऑपरेशनही. ताईंनी ती त्याला पुन्हा एकदा सांगायला लावली. त्यांना मोह झाला नसेल, असं मी म्हणणार नाही.

"काकू, टोटली सेफ आहे," कौस्तुभ म्हणाला. "वहीत नावं नाहीतच. ऑलरेडी अ‍ॅनोनिमस!"

"नावं नसून मी प्रत्येकीला ओळखते. तुमचं यंत्र माझ्यापेक्षा मठ्ठ आहे का?"

"नाही, म्हणजे..."

"मग झालं तर."

मी मध्ये पडले. "ताई, नुसते आकडे तर आहेत. दुकान वाचेल."

"दुकान माझं आहे, गेलं तर माझं जाईल. आकडे माझे नाहीत. विकू कशी?"

मग त्यांनी कौस्तुभला पाणी विचारलं. नकार दिल्यावर पाणी विचारणं म्हणजे नारायण पेठेत मोठाच मान.

मला ताईंचा राग आला, हे कबूल करते. आयुष्यभर मशीन चालवलेल्या बाईने हट्टापायी स्वतःचं नुकसान करून घ्यावं, हे मला बघवेना. आठवडाभर मी तिकडे फिरकलेच नाही.

त्या आठवड्यात ताईंनी सगळ्या वह्या उसवल्या. एकेक पान सुटं केलं आणि जिचं तिला नेऊन दिलं. तेही दुखऱ्या गुडघ्यांनी, सदाशिव पेठेतले जिने चढून. ज्या बायका वारल्या होत्या, त्यांची पानं लेकींनाही दिली नाहीत, जाळून टाकली. "ते तुमच्या आईचं होतं," एवढंच सांगितलं.

माझं पान रविवारी दुपारी आलं. ताईंनी पाकीट हातात ठेवलं आणि चहालाही न थांबता जिना उतरल्या. पाकीट चिकटवलं नव्हतं, टाके घालून शिवलं होतं. मी ओट्याशी उभी राहून ते उसवलं.

आकड्यांशेजारी ताईंचे बारीक शेरे होते. 'बाही सैल हवी, शाळेत फळ्यावर लिहिते.' 'गळा मोठा सांगते, सासू बरोबर असली की लहान.' मी एकटीच हसत वाचत होते. मग लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षाशी आले. 'छाती, कंबर दोन्ही वाढली. विचारायचं नाही.' त्याखाली, दोन महिन्यांनंतरची ओळ : 'पुन्हा पहिल्यासारखी. विचारायचं नाही.'

ते माझं बाळ होतं. राहिलं नाही. मी, नवरा आणि डॉक्टर सोडून हे कुणालाच ठाऊक नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या खेपेला टेप लावताना ताईंचा हात माझ्या पाठीवर थोडा जास्त वेळ राहिला होता. मला वाटलं, मोजायला चुकल्या.

वह्या विकल्या गेल्या असत्या, तर या दोन ओळी माझ्या आधी माझ्या भाच्याने वाचल्या असत्या. आणि सौदा जमवायला मीच गेले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ही बाई आपल्या पेठेतली आहे याचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. आज हे सगळं लिहिते आहे, कारण पान माझं आहे. सांगायचं की नाही, हे मला ठरवता आलं.

दुकान बंद झाल्यावर मशीन ताईंच्या घरच्या गॅलरीत गेलं. मी तिथे जाऊन पान पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं.

"हे तुमच्याजवळच असू द्या, ताई."

त्यांनी पानाची नीट घडी घातली. "एका पानासाठी आता नवी वही आणायची," असं पुटपुटल्या आणि माझ्याकडे न बघता किती तरी वेळ मशीनला तेल घालत राहिल्या.