मेरेडिथबाईंचे सात पक्षी

"शाळा हवीय कशाला? अख्खं रान माझ्या खिशात आहे!"

मेरेडिथ हे भेटेल त्याला सांगायची, आणि ते अक्षरशः खरं होतं! कोटाच्या एका खिशात पक्षी ओळखायची घडीची पुस्तिका, दुसऱ्यात झाडांची, तिसऱ्यात कोळ्यांची. सगळ्यांना प्लास्टिक चढवलेलं; पावसात भिजत नाहीत, चिखलात पडल्या तर पुसून घ्यायच्या. सगळे खिसे भरून बाई चालायला लागली की टपाल वाटायला निघालेल्या पोस्टमनसारखी दिसायची.

तिला दोन मुली. दहा वर्षांची टॅम्सिन आणि सहा वर्षांची जूनो. दोघी घरीच शिकायच्या. ब्लू माउंटन्समधल्या त्यांच्या घराचं कुंपण संपलं की दरी सुरू व्हायची, आणि दरी सुरू झाली की मेरेडिथचा तास!

हौस म्हणून काढलं नव्हतं तिने हे सगळं. शाळेत टॅम्सिन अख्खं वर्ष कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. रोज सकाळी पोटात दुखायचं. घरी राहिल्यापासून पोर हसायला लागली होती. पण घरी शिकवायची सरकारी परवानगी संपत आली होती. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; त्या कडाक्याच्या थंडीत, एका मंगळवारी, तपासनीस मिसेस पेट्राकिस दारात उभ्या राहिल्या. हातात फाइल, पायात शहरातले बूट.

"वह्या नंतर बघा मॅडम," मेरेडिथ म्हणाली. "आधी आमचा वर्ग बघा!" आणि त्यांना दरीत उतरवलंच.

दहा पावलं गेले नाहीत तोच नेच्यांच्या झाडीतून चाबूक ओढल्यासारखा आवाज आला. सट्!

"व्हिपबर्ड!" मेरेडिथने पुस्तिकेवर खूण केली. "एक!"

लगेच कुणीतरी खो खो हसलं. "कूकाबरा! दोन!" मग रोझेला पोपट, मग काळा काकाकुवा. मेरेडिथचा पट्टा असा सुटला की लिलावातसुद्धा एवढ्या वेगाने बोली लागत नसेल! मिसेस पेट्राकिस भराभर लिहून घेत होत्या.

"आई, मला वाटतं..." टॅम्सिन हळूच म्हणाली.

"थांब गं, पाचवा ओरडतोय!"

"पण सगळे एकाच झुडपातून कसे?" मिसेस पेट्राकिसनी विचारलं.

"थंडीत बसतात हो असे जवळजवळ," मेरेडिथने ठोकून दिलं. "सहा! सात!"

"आई, अगं..."

"श्श!"

आणि मग तो आवाज आला. कुईं... खट्! कुईं... खट्!

मेरेडिथने पुस्तिका उलटीपालटी केली. असा पक्षी कुठेच नव्हता. तिच्या अंगावर काटा आला. पुस्तकात नाही म्हणजे दुर्मीळ! तपासनीस समोर असताना दुर्मीळ! तिने लगेच गावच्या पक्षीमंडळाच्या मिस्टर डग्गनना फोन लावला.

वीस मिनिटांत सत्तरीचे डग्गन हजर. पाठोपाठ चार म्हातारे, दुर्बिणी, कॅमेरे! एकजण तर घरातल्या सपाताच घालून आला होता. तोवर मिसेस पेट्राकिस घोट्यापर्यंत चिखलात रुतल्या होत्या आणि जूनो त्यांचा बूट काठीने उकरत होती.

कुईं... खट्!

डग्गननी कानामागे हात धरला. "चाळीस वर्षं फिरतोय मी या रानात. हा कधी ऐकला नाही."

"म्हणजे नवाच!" मेरेडिथ ओरडली.

"हळू! उडेल तो!"

"अहो, नाव काय द्यायचं पण?" सपातावाल्यांनी विचारलं.

"आई!!"

टॅम्सिन एवढ्या मोठ्याने ओरडली की पाचही दुर्बिणी तिच्याकडे वळल्या.

"तो नवा पक्षी नाहीये! तो आपल्या परसातल्या कपडे वाळत घालायच्या गोल फिरणाऱ्या चक्रीचा आवाज आहे!"

"आणि सात पक्षी पण नाहीत. एकच आहे. लायरबर्ड. तो सगळ्यांची नक्कल करतो. थंडीत नर मातीच्या ढिगावर उभा राहून मादीला गाणी ऐकवतो. आपल्या चक्रीचं नवीन शिकलाय. मी तीन आठवडे बघतेय त्याला. रोज लिहून ठेवलंय."

खिशातून तिने चुरगळलेली वही काढली. पानापानावर तारखा, वेळा, शेपटीची चित्रं. शाळेत वर्षभर न बोललेली पोर सात मोठ्या माणसांसमोर न अडखळता बोलत होती, आणि मेरेडिथला काय वाटावं तेच कळेना. लाजेने मान खाली जात होती आणि डोळे भरून येत होते.

"मग आधी का नाही सांगितलंस, बाळ?" मिसेस पेट्राकिसनी विचारलं.

"आई इतकी खूश होती ना..." टॅम्सिन पुटपुटली.

तेवढ्यात नेचे हलले. कोंबड्याएवढा तपकिरी पक्षी ढिगावर चढला, चंदेरी शेपूट पदरासारखी डोक्यावरून घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, कुईं... खट्! डग्गननी टोपी काढली.

घरी आल्यावर चहा झाला, लॅमिंग्टन केक झाले. मिसेस पेट्राकिस शेगडीपुढे मोजे वाळवत लिहीत बसल्या आणि टॅम्सिनची वही मात्र मांडीवरून खाली ठेवीनात. मेरेडिथ आपला चहा नुसता ढवळत होती. सात पक्षी, पाच म्हातारे आणि एक कपड्यांची चक्री! गेली परवानगी!

"तुमची प्रत," म्हणत मिसेस पेट्राकिसनी कागद पुढे केला आणि ओले बूट हातात घेऊन त्या गाडीकडे गेल्या.

मेरेडिथने एक डोळा मिटून वाचलं. 'टॅम्सिन: निरीक्षण अतिशय बारकाईचं. जूनो: उत्साही, चिखलात विशेष प्रावीण्य. परवानगी आणखी दोन वर्षं द्यावी.'

तिने दोन्ही पोरींना कवटाळलं, नाचवलं, आणि मग तिचं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं.

'शिक्षिका: प्रगती होत आहे. विद्यार्थ्यांचं ऐकण्याची सवय लावावी.'

तो कागद आजही त्यांच्या फ्रिजवर आहे. शेवटची ओळ तेवढी मेरेडिथने घडी घालून मागे दुमडली आहे!