गोठ्यात चुन्याचा अंमल बसला त्याची हकीकत

श्रीगोठेश्वर समर्थ. शके एकोणीसशे चौदा, अंगिरा नाम संवत्सरे, भाद्रपदमासी गोठ्याचे राज्यात जो आकांत जाहला, तो ऐसा जे: राज्याचे कारभारी सुभानजी धायगुडे. माणूस मायाळू, परंतु मनात एक घेतले म्हणजे ब्रह्मदेव आला तरी ऐकावयाचे नाहीत. राज्याचा रिवाज ऐसा, की पंक्तिप्रपंच करू नये, एकास वाढले ते सर्वांस वाढावे. ऐसियास कोंबड्यांचे महाली अंड्यांची कवचे मऊ पडू लागली, तेव्हा गुरांचे डॉक्टर लोणकर यांनी त्यांचे खाद्यात चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, शिंपल्यांचा चुरा घालावयास लाविला, आणि कवचे टणक जाहली. सुभानजी हरखून गेले. मनात आणिले, की कोंबड्यांनी एवढा चुना खावा आणि आपल्या हरणीने, भरल्या दिवसांच्या गाईने, नुसते बघत बसावे, हा कोठला न्याय? मग हरणीचे आणि शेजारच्या दावणीच्या गाभण चंद्रीचे आंबोणात स्वहस्ते ओंजळीने चुरा कालवू लागले, आणि डॉक्टरांस पुसावे हे ध्यानीही आले नाही.

मग हरणी व्याली, कालवड जाहली, पेढे वाटिले, आणि दुसरे दिवशी हरणी बसली ती उठेचना. मान बरगडीकडे वळली, कान थंडगार पडले. डॉक्टर धावत आले, आणि शिरेतून औषध देणार तोच हरणीने प्राण सोडिला.

डॉक्टर बोलिले, "सुभानराव, हिच्या रक्तात चुना कमी पडला."

"कमी? अहो, मी ओंजळीनं घातलाय."

"त्यानंच घात झाला. आयता मिळत गेला, म्हणून हाडातला काढायची अंगाची सवय मोडली. दूध उतरलं तसा एकदम लागला, तो आणणार कुठून?"

सुभानजी आपल्याच हातांकडे पाहात राहिले, आणि हे हात आपले, हेच त्यांस खरे वाटेना. डॉक्टरांनी चंद्रीकडे बोट केले, की हिचा चुरा आजच बंद करा, व्याल्यावर द्या. मग सुभानजींनी गव्हाण खरवडून काढिली. चंद्री सवयीने त्यांचा हात चाटू लागली, तो त्यांनी मागे घेतला.

सारांश, परचक्र आले नाही, फंदफितुरी जाहली नाही, घरच्याच मायेने गाय गेली. चंद्री पुढे सुखरूप व्याली. हरणीची कालवड तिलाच लुचते, आणि तेवढा वेळ सुभानजी पाठ करून उभे राहतात.